उघडिपीचा सराव

आमच्याकडे फुटबॉल पावसाळ्यातला. कातळावर गवत येतं ते चार महिनेच, आणि समुद्र बंद म्हणून मिरकरवाड्याची माणसं मोकळी असतात तीही त्याच दिवसांत. हे शाळेत ड्रिलमास्तर. गावचा संघही यांनीच बांधलेला. नारळी पौर्णिमेआधीचा शेवटचा सामना तीन वर्षं आम्ही कचेरीवाल्यांशी हरत होतो. ‘आम्ही’ म्हणते, कारण चिखलाचे अकरा सदरे विहिरीवर मी धूत होते.

चेंडू एकच, कातड्याचा. भिजला की दगडासारखा जड होतो आणि शिवण उसवते. म्हणून सराव फक्त उघडिपीच्या दिवशी. दुपार कलताना आभाळ मोकळं दिसलं की शाळेची घंटा दोनदा वाजायची आणि सगळ्यांनी मैदानावर यायचं. यंदा यांनी नियम केला, की लागोपाठ तीन सराव चुकवील तो शेवटच्या सामन्यात नाही. “पाय देव देतो,” हे म्हणायचे, “वेळ माणसाने द्यायचा असतो.” त्यावर गोलात उभा राहणारा काशीराम, पेठेतला किराणावाला, म्हणाला होता की मास्तर, वेळेवर येणारा माणूस दिसला की कचेरीवाले गोल उघडा टाकून घरी जातात काय. सगळे हसले. हेही हसले, पण नियम राहिला.

वेळेवर येणारा म्हणजे माझा भाऊ शिवा. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. लग्नानंतर मी त्याला देवरूखहून माझ्याकडेच आणलं. आता वीस वर्षांचा, छापखान्यात खिळे जुळवतो. चेंडूत हवा भरणारा तो, बांबू रोवणारा तो, काळोख पडेपर्यंत थांबणारा तो. फक्त चेंडू काही त्याच्या पायाशी थांबत नसे. तीन पावसाळे तो बारावा होता. त्याची जागा डाव्या बाजूची, आणि तिथे गनी होता.

गनी मिरकरवाड्याचा, मचव्यावरचा खलाशी. अनवाणी खेळायचा. चेंडू त्याच्यामागून कुत्र्याच्या पिल्लासारखा जायचा. तोंडाचा फटकळ, कोणाला जुमानणारा नव्हे. श्रावण लागला आणि तो एकामागून एक तीन सराव आला नाही. रविवारी रस्त्यात भेटला तेव्हा यांनी चारचौघांत विचारलं, वेळ नव्हता काय? तो “नव्हता” म्हणाला आणि चालू लागला. यांनी त्याचा सदरा शिवाला दिला.

शिवाने तो घरी आणला, धुतलेलाच होता तरी पुन्हा धुतला, मला हात लावू दिला नाही. चुलीवरच्या दोरीला वाळत टाकला आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

सोमवारी गनीची आई, सुकी मासळी विकणारी जन्नत, आली. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद, तरी बाजारातून परतताना ती माझ्या मुलाला बघायला टेकायची. त्याला दात येत होते, अंग कढत होतं, दहा दिवस तो माझ्या खांद्यावरून उतरला नव्हता. तिने त्याला माझ्याकडून ओढूनच घेतलं आणि मांडीवर आडवं केलं. माझे हात रिकामे झाले तेव्हा कळलं, किती दुखत होते.

मी सहज विचारलं, गनी कुठे असतो हल्ली?

“कुठं असणार बाय, मचव्याखाली,” ती म्हणाली. “उघडीप पडली का मचव्याचा तांडेल हाक मारतो. लाकूड कोरडं असेल तरच तेल पितं. पौर्णिमेला दर्यात लोटायचा, तर एक खलाशी घरी बसून कसं चालंल? आज झालं काम. उद्यापासून पोर मोकळा. पण आता येतो कशाला, नाव तर काढलं मास्तरांनी.”

आमची घंटा आणि तांडेलाची हाक एकाच आभाळाकडे बघून निघत होती, आणि समुद्राकाठी राहणाऱ्या आमच्यातल्या एकालाही ते सुचलं नव्हतं. गनी सबब सांगणाऱ्यांतला नव्हता. तांडेलाला दिलेला शब्द मात्र त्याने पाळला होता.

हे त्याच संध्याकाळी यांना सांगायला हवं होतं. पण शिवा चुलीपाशी बसून सदऱ्याचं बटण घट्ट करत होता. म्हटलं, उद्या सांगू. मंगळवारी उघडीप होती, घंटा वाजली. बुधवारीही वाजली. शिवा चिखलाने माखून आला आणि मला सांगू लागला की मधून खेळणाऱ्या केरूने लांबून चेंडू दिला, ताई, आणि मी तो नीट घेतला. मूल रडत होतं, भात करपत होता. मी थकले होते हे खरं. पण थकलेल्या माणसालाही दोन वाक्यं बोलता येतात.

गुरुवारी जेवताना शिवा म्हणाला, उद्या सामना बघायला ये. तेव्हा मला कळलं की मला तिथे उभं राहवणार नाही. तो आतल्या खोलीत गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. तुला कधी कळलं, असं यांनी विचारलं. मी म्हटलं, “आज.”

यांनी छत्री घेतली आणि भर पावसात मिरकरवाड्याला गेले. परत आल्यावर शिवासमोर उभे राहून म्हणाले की नियम माझा होता आणि तो चुकला. शिवाने दोरीवरचा सदरा काढला, घडी घातली आणि यांच्या हातात दिला.

शुक्रवारी आम्ही दोन-एकने हरलो. तो एक गोल गनीचा. तिघांना चकवून त्याने तो केला. पण बाकी वेळ, मंगळवार-बुधवारच्या सरावात शिवा जिथे उभा असायचा तिथेच केरू चेंडू मारायचा, आणि गनी असायचा भलतीकडे. शिवा रेघेबाहेर सगळ्यांचे कोट हातावर घेऊन उभा होता.

पौर्णिमेला मचवे गेले. गनीला निरोप द्यायला शिवा बंदरावर गेला होता. आला तो सरळ माझ्यापाशी.

“जन्नतचाची म्हणाली, तुला सोमवारीच सांगितलं होतं.”

“तुझ्यासाठीच गप्प राहिले रे,” मी म्हटलं.

तो मुलाच्या पायाशी चाळा करत म्हणाला, “मंगळवार-बुधवार तो आमच्यात खेळला असता तर आम्ही जिंकलो असतो, ताई. मी बाहेर उभा राहूनसुद्धा जिंकलो असतो.”

मी मांडीवरच्या मुलाला थोपटत राहिले.

“भावोजींना मी सांगणार नाही,” तो म्हणाला. “ते अजून स्वतःलाच दोष देतायत.”

बाहेर हे पडवीत पाय धूत होते. मूल नुकतंच झोपलं होतं. मी त्याला शिवाजवळ ठेवलं आणि पडवीत गेले.