पाण्याखालचा रुंद पंख

मित्रांनो, पंख म्हटला की तुमची मान आपोआप वर जाते. मला पाहायचे असेल तर मात्र खाली वाकावे लागेल. मी पाण्याखाली उडणारा एक जुना पंख आहे. फळीच्या पोटाला एक उभा दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाशी मला स्क्रूने आवळतात. माणूस फळीवर उभा राहून हातात हवेने फुगवलेले शीड धरतो. वाऱ्याने फळी पुढे सरकली की पाणी मला वर उचलते, आणि माणूस फळीसकट हातभर उंच, अधांतरी धावू लागतो. लाट चांगली असेल तर शीडही लागत नाही.

माझा जन्म तात्यांच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे होड्यांच्या गोदामातली एक लांबट खोली. तात्यांनी हलक्या फोमला आकार दिला, राळेत भिजवलेल्या काळ्या कापडाचे थर चढवले, साच्यात दाबले आणि मग चार दिवस मला घासत बसले. मी आखूड, रुंद आणि मध्ये जाडसर झालो. माझ्या पाठोपाठ घडलेला भाऊ लांब, निमुळता, सुरीसारखा पातळ. त्याला पाहून लोक शीळ घालत. मला पाहून विचारत, "तात्या, हे फावडं कोणाचं?"

तीन वर्षे मी राळेच्या डब्यावर झाकण म्हणून काढली. वाईट वाटले नाही असे कसे म्हणू? पण आपण कशासाठी घडलो आहोत, हे मला पक्के ठाऊक होते.

तात्यांचा एक नियम होता. पंख विकण्याआधी ते गिऱ्हाइकाला छोट्या होडीत बसवत, पंख एका काठीला बांधून पाण्यात धरायला लावत आणि स्वतः वल्ही मारत. "डोळ्यांनी निवडू नका, कोपराला विचारा," असे ते म्हणत.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला, तो सिस्टरांसाठी. सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या परिचारिका. अंगाने भरदार, बोलायला फटकळ. त्यांना मुलांना हे उडणे शिकवायचे होते. पण किनाऱ्यावरच्या शाळेची अट कडक होती. शिकवणाऱ्याने सोबतच्या होडीला हात न लावता खाडी पार करून दाखवायची. संधी तीनच. सिस्टरांनी एका विजेत्याचा फोटो पुढे केला. "मला हाच आकार द्या. होडीत बसायला वेळ नाही, ड्यूटी आहे." आणि त्या माझ्या भावाला घेऊन गेल्या.

मित्रांनो, माझ्या भावात काही खोट नव्हती. तो वेगाचा भुकेला. वेग मिळाला की तो एका दमात लांबवर सरकतो. पण वेग पडला की एकदम अंग टाकतो. तो विजेता सिस्टरांच्या निम्म्या वजनाचा होता आणि सोसाट्याच्या वाऱ्यात उतरत असे. आमच्या खाडीत सकाळी वारा मवाळ. पहिल्या दोन्ही संधींत सिस्टर मधेच पाण्यात बसल्या.

मग त्या भावाला घेऊन, मान खाली घालून कारखान्यात आल्या. "तात्या, आता शेवटची संधी. मला नाहीच जमणार का हो?"

"चूक तुमची आणि त्याहून जास्त माझी," तात्या म्हणाले. "चला, बसा होडीत."

त्यांनी डब्यावरून मला उचलले. सिस्टरांचा चेहरा पडला. "हे झाकण?"

"आधी धरून तर बघा."

तात्या अगदी सावकाश वल्हवू लागले. आधी भावाला काठीला बांधले होते. तो सिस्टरांच्या हातात नुसता लोंबत राहिला. मग मी पाण्यात उतरलो आणि त्यांचा हात कोपरापासून वर उचलला.

"अगं बाई! हा तर मलाच ओढतोय वर!"

"तुमचं वजन, आपला वारा आणि तुमचं काम. या तिघांना विचारून पंख घ्यायचा. फोटोला नाही," तात्या म्हणाले.

शेवटच्या संधीच्या सकाळी सोबतच्या होडीत सिस्टरांचा दीर होता. "वहिनी, थर्मास भरून आणलाय हं. मधे बसलात की चहा घेऊ."

"तुम्हीच घ्या, भाऊजी. वल्ही मारून घसा सुकेल तुमचा!"

वारा जेमतेम होता. सिस्टरांनी शीड दोनदा हलवले आणि मी त्यांना अलगद उचलले. अर्धी खाडी सुखात गेली. मग अचानक वारा वाढला. आता माझा दोष सांगतो. जोरात वेग आला की मी गरजेपेक्षा जास्त उचलतो. माझे एक टोक पाण्याबाहेर डोकावले. फळी डगमगली. होडी हाताच्या अंतरावर होती. "वहिनी, धरा!" दीर ओरडला. सिस्टरांनी हात मागे घेतला, पुढच्या पायावर भार टाकला आणि शिडातला वारा थोडा सोडला. मी पुन्हा पाण्यात बुडालो, शांत झालो. पलीकडच्या वाळूत फळी टेकली तेव्हा होडी बरीच मागे राहिली होती.

त्यानंतर किती मुले माझ्यावर पहिल्यांदा उडाली, मोजता येणार नाही. मुले थोडी वाढली, वाऱ्यात सरावली, की सिस्टर त्यांना पातळ पंख देतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. एकदा मात्र कोणीतरी मला खाऱ्या पाण्यासकट पिशवीत कोंबून ठेवले. महिनाभराने स्क्रू असे गंजून बसले की तात्यांना दोन दिवस तेल सोडत बसावे लागले. माझी कड तेव्हा चिरली. तो ओरखडा अजून आहे. म्हणून विनवतो, समुद्रातून आलात की आम्हाला गोड्या पाण्याने धुवा, स्क्रू सैल करा, पुसून सावलीत ठेवा. आम्ही तुम्हाला उचलतो. तुम्ही आम्हाला एवढे जपा.

कालचीच गोष्ट. नळाखाली सिस्टर मला धूत होत्या. नव्याने आलेल्या एका मुलीने विचारले, "सिस्टर, सगळ्यात चांगला पंख कुठला?"

सिस्टरांनी पाणी बंद केले आणि तिला आपादमस्तक न्याहाळले.

"कोणासाठी?" त्या म्हणाल्या.