चौथी रिंग

ऑफिसात तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत, कारण तिनं तोंड उघडलं की प्रश्नच बाहेर पडायचा. नोकरी मात्र अशी मिळाली की काही विचारायची सोय नाही. दोन शेजारी देशांना जोडणारा एक फोन होता. रोज सकाळी दहाला तो वाजायचा, एक दिवस इकडून, एक दिवस तिकडून. “ऐकू येतंय?” “येतंय.” संपलं. तीन रिंगांत कुणी उचलला नाही, तर साहेबांना सांगायचं आणि साहेबांनी सीमेवर तोफा सज्ज करायला लावायच्या. तिकडेही हाच नियम.

“तीनच का?” तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“दुधानं तोंड पोळलंय आपलं,” साहेब म्हणाले. “आता ताकही फुंकूनच प्यायचं. शांतता भीतीवर टिकते, बाई.”

घरी सासरे, जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलेले. “साफ चूक! विश्वासावर टिकते. माणूस मुळात चांगलाच असतो.”

“मग मामंजी, तुम्ही कपाटाला कुलूप का लावता?”

मामंजींनी ताटात लक्ष घातलं.

एका मंगळवारी फोन करायची पाळी तिची होती. एक, दोन, तीन. कुणी उचलेना. रोज दुसऱ्या रिंगला उचलणारा, जरासं खोकून बोलणारा तो माणूस गेला कुठे? हल्ला करायचाय म्हणून गप्प आहेत, की बिचारा बाथरूमला गेलाय? आपलं चुकलं तर माणसं मरतील, हे तिला कळत होतं. तरी तिनं फोन ठेवला नाही. चौथी वाजली.

“येतंय ऐकू!” तिनं विचारायच्या आतच धापा टाकत आवाज आला.

साहेबांनी तिला मेमो दिला. “एका हातानं टाळी वाजत नाही. तुम्ही थांबलात, उद्या तो थांबेल याची हमी नाही.”

हमी नव्हतीच. रात्री जेवताना तिनं मामंजींना ‘उद्या तो थांबेल का?’ असं विचारलं, तर ते उठून कपाटाचं कुलूप ओढून बघायला गेले. ते तिला मुळीच आवडलं नाही.

पुढच्या आठवड्यात, फोन तिकडून यायचा होता त्या दिवशी, पावणेदहाला साहेबांनी फोनच्या खोलीच्या कुलपात किल्ली फिरवली आणि ती आतच मोडली. पक्कड झाली, हातोडी झाली, कुलूप ढिम्म. दहाला आत फोन वाजला. एक. साहेब दाराला खांदा मारत होते. दोन. तीन.

“संपलं,” म्हणून साहेब भिंतीला टेकले.

चौथी वाजली. पाचवी. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग दोघांनी मिळून असा धक्का दिला की दार बिजागऱ्यांसकट आत पडलं. अकराव्या रिंगला तिनं फोन उचलला.

“येतंय ऐकू,” ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. तिकडून एक लांब सुस्कारा आला, जरासा खोकला, आणि फोन ठेवल्याचा आवाज.

साहेब पडलेल्या दारावरच बसले होते. मग, जन्मात कधी कुणाला काही न विचारणारा तो माणूस म्हणाला, “काय हो बाई, आता त्यालाही मेमो मिळेल का?”