मागच्या खोलीतली घरघर

माझ्या पेटीला आतून रंग कोणी लावला, ते मी पाहिलेले नाही. त्या वेळी मी नव्हतेच. होता तो ॲल्युमिनियमचा एक रिकामा डबा. वडील म्हणतात, डबा मी कोरा दिला होता. मुलगी म्हणते, तो हिरवा रंगवलेलाच माझ्या हाती आला. दोघांपैकी एक जण खोटे बोलतो आहे. दोघांचीही ती तयारी मी पुढे जवळून पाहिली, त्यामुळे निवाडा करण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

जे पाहिले तेवढे सांगते. गिटारचा आवाज एका बाजूने माझ्यात शिरतो आणि धारदार, मोठा होऊन दुसऱ्या बाजूने स्पीकरकडे जातो. मला पायाने दाबावे लागते, म्हणून वाजवणारे मला पेडल म्हणतात. लाथ खाण्यासाठीच जन्मलेल्या वस्तूकडून गोड बोलण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये.

मला घडवणारी मुलगी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. ‘एका वेळी एकच बदल’ असा कागद तिने टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला होता. मुलांना ती हेच वाक्य रोज ऐकवते. तीन रविवार खर्चून तिने माझ्या पोटातला एकेक सांधा सोल्डरने डाखला. टेबल मागच्या खोलीच्या एका टोकाला होते. दुसऱ्या टोकाला वडिलांची माशांची टाकी होती आणि तिला हवा पुरवणारा, अखंड बुडबुडणारा पंप.

मला प्रथम वीज मिळाली, तेव्हा गिटारच्या तारेला कोणी हातही लावला नव्हता. तरीही स्पीकरमधून घरघर सुरू झाली. जेवून पालथ्या पडलेल्या माणसाची असावी तशी.

“काय हे?” वडिलांनी वर्तमानपत्राआडून विचारले. “बाळ रडलं वाटतं.”

“तुमचा पंप आहे हा. त्याचा त्रास माझ्या सर्किटला होतोय.”

“चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत मी. बाईसाहेबांचे डाख कच्चे आहेत. माझे मासे निर्दोष आहेत.”

“मासे नाही म्हटलं मी. पंप म्हटलं.”

“पंपही माझाच आहे.”

हे थट्टेवारी जाण्यासारखे नव्हते. मुलीने त्या खोलीतून पाठवलेले ध्वनिमुद्रण ऐकून तिच्या वाद्यवृंदातल्या ड्रमवाल्याने कळवले होते, “ते मधमाश्यांचं पोळं घेऊन रविवारी मंचावर येऊ नकोस. त्यापेक्षा घरीच बस, मी दुसरा गिटारवाला बघतो.” ड्रमवाला बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता. रविवारला सहा दिवस उरले होते.

त्यात वडिलांनी पैज लावली. “दोष टाकीचा निघाला तर टाकी या खोलीतून जाईल. तुझा निघाला तर तुझं हे दुकान जाईल. कबूल?”

“कबूल. आत्ता पंप बंद करा, एका मिनिटात कळेल.”

“माझे मासे गुदमरवून तुझा प्रयोग? आधी स्वतःचं घर तपास.”

“एवढं काय दोघांचं? ती पेटी बाहेरच्या खोलीत नेऊन वाजवून बघा ना,” असे आईने दोनदा सुचवले. उपाय सोपा आणि निर्णायक होता. म्हणूनच दोघांनीही तो झिडकारला.

मुलीने वायर बदलली. घरघर राहिली. अडॅप्टर काढून बॅटरी लावली, राहिली. माझे सगळे सांधे तिने पुन्हा तापवले, तेही एकेक करून, दर सांध्यानंतर कान देऊन. घरघर राहिलीच. माझे पोट रोज उघडले जात होते, पण मला काय होते हे कोणी विचारले नाही. विचारले असते तरी उपयोग नव्हता. आत आलेला आवाज मी फक्त वाढवते. तो बाहेरून आला की माझ्याच पोटी जन्मला, हे मला कळत नाही.

गुरुवारी वडील उठून आले आणि त्यांनी माझ्या झाकणावर बोट टेकवले. घरघर निम्मी झाली. बोट उचलले, ती परतली.

“बघ. डबा अर्थिंगला जोडलेलाच नाही. आतला रंग आड येतोय. त्यामुळे बाहेरची घाण आत शिरते. तुझाच दोष.”

“बाहेरची घाण, म्हणालात ना? मग बाहेर आहे काय? टाकी. तुमचाच दोष.”

“रंग कोणी फासला?”

“तुम्ही.”

“मी? मी हिरवा रंग आणतो का कधी?”

उरलेली संध्याकाळ हिरव्या रंगात गेली. दोष दोघांचाही असू शकतो, हे वाक्य त्या घरात कोणाच्याही तोंडून निघाले नाही.

शनिवारी सकाळी वडील फिरायला गेले. मुलीने दार लोटून घेतले, मला उघडले, आणि जिथे गिटारची वायर खोचतात तिथला आतला रंग ब्लेडने पत्रा दिसेपर्यंत खरवडला. भुकटी फुंकली, मला बंद केले. मग ती वायर आणायला बाहेर गेली.

तेवढ्यात वडील परतले. खोलीत आम्ही दोघेच होतो. वर्तमानपत्र उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ पंपाची बुडबुड थांबली. त्यांनी हाक मारली, “चल, लाव बघू तुझं ते यंत्र.”

तिने मला लावले. स्पीकर निःशब्द होता.

तिने एक तार छेडली. स्वर स्वच्छ निघाला. ती एकाच आवाजाच्या मागावर होती, त्यामुळे दुसरा बंद पडल्याचे तिला कळले नाही. “सापडलं?” वडिलांनी विचारले. “थांबलं आपोआप,” ती म्हणाली. “हं. थांबतं कधी कधी,” ते म्हणाले.

दुपारी वडील बादल्या भरभरून टाकी उपसू लागले आणि मुलगी टेबल आवरू लागली.

“टाकी कुठे निघाली?”

“गॅलरीत. माशांना उजेड हवा.”

“इतकी वर्षं नको होता?”

“तुझं टेबल का रिकामं होतंय?”

“इथे धूळ फार बसते.”

आई दारात उभी होती. “दोघंही निघालात? बरं झालं. माझं शिवणयंत्र इथे येतंय. खोली परत मागायला आलात तर याद राखा.”

याला कोणी माया म्हणेल. मी पुरावा मागेन. दोघांनीही लपूनछपून माघार घेतली आणि दोघांनीही ती कबूल केली नाही, एवढेच मी खात्रीने सांगू शकते. ‘एका वेळी एकच बदल’ हा कागद मात्र मुलीने, बंद पंपाकडे एकदा बघून, भिंतीवरून काढून चुरगळला.

रविवारी मंचावर मी स्वच्छ वाजले. “माश्या उडाल्या वाटतं,” ड्रमवाला म्हणाला, आणि मुलीची जागा टिकली. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मंचावर टाकी नव्हती. तेव्हापासून मी सरावाच्या जागी एका फळीवर असते.

माझी मागणी एकच आहे, आणि ती दयेची नाही. मला एकदा त्या खोलीत न्या, टाकी पूर्वीच्या जागी ठेवून पंप सुरू करा, आणि एक मिनिट ऐका. मुलीला हे सुचले नसेल, असे मी मानत नाही. वडिलांनाही सुचले असणार. पण आज सात महिने झाले, खरवडलेली मी आणि चालू पंप एका खोलीत अजून एकदाही एकत्र वाजलेलो नाही.