मला सर्दी झालीच नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी नळी आहे, पण मला सगळे 'नाक'च म्हणतात. बारमाही पावसाच्या दाट जंगलात एक उंच मनोरा आहे, त्याच्या टोकाला माझी जागा. झाडांच्या माथ्यावरची हवा ओढायची आणि खालच्या खोलीतल्या यंत्राला द्यायची, हे माझं काम. यंत्र त्या हवेतले कण मोजायचं. कण इतके बारीक, की डोळ्यांत तेल घालून पाहिलंत तरी दिसायचे नाहीत!

हा खटाटोप कशाला? तिथल्या संशोधक ताईंना एका प्रश्नाने पछाडलं होतं. झाडं मुळांनी पाणी पितात आणि पानांतून वाफ सोडतात. वाफ वर जाते, गार होते. पण नुसतं गार होऊन ढग बनत नाही बरं! वाफेला टेकायला कण लागतो, त्यावर तिचा थेंब होतो. शहरावर धूळ असते, धूर असतो. इथे नजर जाईल तिथवर झाडीच झाडी. मग इथल्या ढगांना कण पुरवतं कोण?

मनोऱ्याची देखभाल करणारे मिस्त्रीकाका वर चढून मला पुसायचे. "ताई, नाकात कोळ्याने संसार थाटलाय!" असं वरूनच ओरडायचे. "आपलं नाक फार तिखट आहे," असं ताई म्हणाल्या, की मी कशी फुलून जायचे!

पुढे घोळ झाला. पावसाने हवा धुऊन निघते, म्हणजे कण घटणार, असं सगळे धरून चालले होते. मी मात्र पाऊस ओसरला की उलट जास्तच कण खाली पाठवू लागले. प्रत्येक पावसानंतर तेच. ताईंनी कपाळाला हात लावला. लवकरच मनोऱ्याला पैसे देणाऱ्या मोठ्या साहेबांसमोर सगळं काम मांडायचं होतं, आणि त्यांना ते पटलं नाही, तर मनोराच बंद होणार होता.

"नाकाला सर्दी झालीय. आत पाणी शिरत असणार," काका म्हणाले.

झालं! ताईंनी पावसानंतरचे माझे सगळे आकडे खोटे म्हणून पुसले आणि मला अडगळीत टाकलं. खूप वाईट वाटलं हो मला.

माझ्या जागी नवी कोरी नळी चढली. धो धो पाऊस झाला, थांबला आणि ताई किंचाळल्याच, "काका, हिलाही सर्दी!"

काकांनी वर चढून पाहिलं, तर नवी नळी आतून कोरडी ठणठणीत! मग ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. पावसाबरोबर उंचावरची गार हवाही खाली येते. म्हणजे कण तिथे, वर बनत असणार! झाडांचा वास, म्हणजे पानांतून सुटणारे वायू, वादळाबरोबर उंच चढतो, तिथल्या उन्हात आणि गारठ्यात त्यांचे कण होतात, आणि पाऊस ते खाली आणतो. वाफही झाडांची आणि कणही झाडांचेच!

"आणि मी आकडे पुसून बसले हो काका! एका पावसावर कोण विश्वास ठेवणार?" ताईंना रडू आवरेना.

"पुसले ते गेले. पाऊस कुठे पळालाय?" असं म्हणत काकांनी मला उचललं, झटकलं आणि नव्या नळीशेजारी घट्ट बसवलं.

पाऊस आला. तो थांबल्यावर आम्ही दोघींनी सारखेच वाढलेले आकडे दिले. पुढच्या पावसातही तसंच झालं. साहेबांनी ते आकडे पुन्हापुन्हा पाहिले आणि मनोरा राहिला.

मित्रांनो, आम्हाला पुसा, तपासा, चुकलो तर दुरुस्त करा. पण तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळं सांगितलं म्हणून आम्हाला खोटं ठरवू नका. ताई आजही नव्या पावसाचे आकडे जपून ठेवतात. पुसलेले पाऊस मात्र त्यांना परत मोजता आले नाहीत.