काचेच्या खोलीतला माईक

या, मित्रांनो, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी मांडी घाला, आणि ज्यांच्या पोटात हसू दाटले आहे त्यांनी ते आत्ताच हसून घ्या. कथा ऐकायची तर आधी मन निवांत हवे, मग कान. आज मी तुम्हांला एका ताईची कथा सांगणार आहे. एका शब्दापायी तिने काय पणाला लावले ते ऐका, आणि तिने केले ते बरोबर की चूक, हे तुमचे तुम्हीच ठरवा.

मी एक जुना माईक आहे. तुमच्या शाळेच्या सभागृहातील कपाटात, रंगीत कागदांच्या ढिगाखाली मी पडून असतो. बक्षीस समारंभ आला की माझी आठवण होते. मग कोणी माझ्या डोक्यावर टकटक करतो, कोणी तोंडावर ‘फू फू’ करतो, तर कोणी ‘हॅलो, हॅलो’ म्हणून असा ओरडतो की माझ्या काळजाचे पाणी होते. हसू नका, मला खरेच काळीज आहे. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा माझ्या पोटात आहे. नुसता श्वास लागला तरी तो थरथरतो. देवाने कुणाला पंख दिले, कुणाला शिंगे दिली. मला त्याने नुसता कान दिला. त्या कानाचे मी सोने केले असे म्हटले तर गर्व होईल. पण त्याच्या देण्याला मी बट्टा लावला नाही, एवढे खरे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे बायका खिडकीशी ओळीने बसून, डोळ्याला भिंग लावून, केसाहून बारीक तार गुंडाळत. जिने माझी तार गुंडाळली ती सगळा वेळ गुणगुणत होती. त्यामुळे माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज गाण्याचा आहे, हे माझे भाग्य. मग एक म्हातारे तपासनीस आले. त्यांनी माझ्यासमोर हळू बोलून पाहिले, मोठ्याने बोलून पाहिले, आणि म्हणाले, “हा गडी पदरचं काही घालणार नाही. जसं येईल तसं पुढे देईल.” तोच माझा कानमंत्र झाला.

तिथून मी एका मोठ्या इमारतीत आलो. निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी बोलणी करण्यासाठी तिथे जमत. मुख्य दालनात लांबलचक टेबल होते, आणि दालनाच्या एका बाजूला, जरा उंचावर, एक छोटीशी काचेची खोली होती. ती दुभाष्यांची खोली. खाली एक जण आपल्या भाषेत बोले. वर दुभाषी ते ऐकता ऐकताच दुसऱ्या भाषेत माझ्यापाशी बोले. आणि ते माझ्यामार्फत समोरच्यांच्या हेडफोनमध्ये जाई. एक कळ होती. ती इकडे फिरवली की आवाज आमच्या लोकांच्या कानात, तिकडे फिरवली की पलीकडच्यांच्या. आणि एक लाल बटण होते, त्याला सगळे ‘खोकल्याचे बटण’ म्हणत. खोकला आला की दुभाष्याने ते दाबून धरायचे. तेवढ्यापुरता मी मुका होई. मुका, पण बहिरा नव्हे बरे!

मित्रांनो, युद्ध पेटले की तोफा साऱ्या जगाला ऐकू जातात. पण त्याच वेळी कुठेतरी चार माणसे टेबलाशी बसून ती आग विझवण्याची खटपट करत असतात. त्या खटपटीचा आवाज फार बारीक असतो. तो ऐकण्याचे काम माझ्याकडे होते.

ते दिवस आठवले की अजून माझा पडदा हलतो. शेतात पेरलेले सुरुंग कोणी काढायचे, चोरून जाणारी हत्यारे कशी अडवायची, वेढ्यात अडकलेल्या गावांना पीठ आणि औषधे कोणत्या वाटेने न्यायची, अशी बोलणी चालत. कधी कधी मात्र गंमत होई. ‘आम्हांला चिंता वाटते’ लिहायचे की ‘तीव्र चिंता वाटते’, यावर अख्खी दुपार जाई.

माझ्यापाशी दोघे आळीपाळीने बोलत. एक काका, केस पांढरे, आवाज खर्जातला. आणि दुसरी आपली ताई. अशाच एका दुपारी ताई लाल बटण दाबून म्हणाली, “काका, यांची चिंता तीव्र होईपर्यंत माझा चहा गार झाला हो.”

काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “गार चहाचा आपण तीव्र निषेध नोंदवू.”

दुभाष्यांचा एक कडक नियम होता. खाली बोलणारा ‘मी’ म्हणाला की वर दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचे. ‘ते असे म्हणतात’ असे म्हणायचे नाही. बोलणारा मित्र असो की शत्रू, त्याचा ‘मी’ आपल्या तोंडात घ्यायचा. ताईचा धाकटा भाऊ यावरून तिला चिडवायचा. ती काकांना हसत हसत सांगे, “म्हणतो कसा, ‘ताई, दिवसभर लोकांचं मी-मी करतेस, घरी येऊन एकदा तरी स्वतःचं मी म्हण की!’” आईच्या माघारी त्याला तिनेच वाढवले होते. त्याचे नाव निघाले की तिचा आवाज लोण्यासारखा मऊ होई. मला तो लगेच ओळखू येई.

इथवर झाला पूर्वरंग. आता मुख्य कथेला हात घालतो.

आमच्या देशाची शेजारच्या देशाशी लढाई जुंपली. मधल्या डोंगराच्या दोन्ही अंगांनी तोफा धडाडू लागल्या. डोंगराखालची गावे रिकामी झाली. माणसे अंथरुणे-पांघरुणे पाठीवर घेऊन मिळेल तिकडे निघाली. ताईचा भाऊ सैन्यात ट्रक चालवत असे. एके दिवशी तो ट्रकसकट पकडला गेला. पलीकडच्यांच्या कैदेत आहे, एवढीच बातमी आली. ताईने ही गोष्ट काकांखेरीज कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर तिला त्या कामावरून दूर केले असते, आणि मग भावाचे काय ठरते आहे हे तिला कळले तरी कुठून असते?

अखेर दोन्ही बाजू आमच्या दालनात आल्या. एका बाजूला आमचे प्रमुख; त्यांना सगळे पाठीमागे ‘मिशीवाले’ म्हणत. समोर त्यांचे प्रमुख, ते ‘चष्मेवाले’. मधोमध तिसऱ्याच देशातून आलेल्या मध्यस्थ बाई बसल्या होत्या. पाळी ताईची होती. काका शेजारी बसून ऐकत होते.

मिशीवाल्यांनी टेबलावर हात आपटला. “आमचं एकच म्हणणं आहे. युद्धबंदी आधी. बाकी सगळं मागाहून.”

आता नीट लक्ष द्या. आमच्या भाषेत ‘युद्धबंदी’ म्हणजे लढाई बंद करणे. पण लढाईत पकडलेल्या सैनिकालाही युद्धबंदीच म्हणतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण या एका शब्दात दोन अर्थ सुखाने राहतात. मिशीवाल्यांना म्हणायचे होते, आधी तोफा थांबवा. ताईने मात्र पलीकडच्यांच्या भाषेत सांगितले, “आधी कैदी सोडा.” मनी वसे ते स्वप्नी दिसे, असे म्हणतात. बिचारीच्या ते जिभेवर आले.

चष्मेवाले शेजाऱ्याशी कुजबुजले. मग म्हणाले, “मान्य आहे. ते आधी. बाकीचं पुढे बघू.”

ताईचा श्वास माझ्यावर असा आदळला की जणू ती जिना धावत चढून आली. ‘मान्य आहे!’ तिचे ओठ हसूही लागले होते. तेवढ्यात तिची नजर काचेतून खाली गेली. चष्मेवाल्यांच्या माणसाने पेटीतून कैद्यांचे कागद काढले होते. आणि मिशीवाल्यांनी समोर डोंगराचा नकाशा पसरला होता. त्यांचे बोट तोफांच्या खुणांवरून फिरत होते.

ताईने लाल बटण दाबले.

“काका, मी चुकले. हे तोफा म्हणाले, मी माणसं म्हटलं.”

काकांनी काचेतून खाली पाहिले. “आणि त्यांनी हो म्हटलंय.”

“हो. आता मी आपल्या लोकांना ‘युद्धबंदी आधी, मान्य आहे’ एवढंच सांगितलं, तरी शब्दाला शब्द बरोबरच आहे की. दोघंही खूश होऊन उठतील.”

“आणि तुझा भाऊ घरी येईल,” काका म्हणाले. “मला काही विचारू नकोस, पोरी. मला भाऊ नाही. असता तर मी काय केलं असतं, देव जाणे.”

खाली हेडफोन चाचपणे सुरू झाले. “आवाज येत नाहीये!” मिशीवाले वर बघून ओरडले.

ताईचे बोट लाल बटणावरच होते. ती अगदी हळू म्हणाली, “काका, उद्या रेडिओवर सांगतील, युद्धबंदी झाली. डोंगराखालची माणसं पोराबाळांना घेऊन घरी परततील. चुली पेटवतील. आणि वरून...”

पुढचे तिला बोलवेना. मग तिने बटणावरचे बोट उचलले.

“मी दुभाषी बोलते आहे,” ती आधी पलीकडच्यांच्या भाषेत आणि मग आमच्या भाषेत म्हणाली. “माझा मघाचा अनुवाद चुकला. आमचे प्रमुख ‘लढाई थांबवा’ म्हणाले होते. मी ‘कैदी सोडा’ असं सांगितलं. समोरून जे मान्य झालं ते कैद्यांबद्दल आहे. तोफांबद्दल अजून काहीही ठरलेलं नाही.”

दालनात एकच गलका झाला. मिशीवाल्यांचा पारा चढला. “अहो बाई, इथे माणसांच्या जिवाशी गाठ आहे! तुमचं लक्ष होतं कुठे?”

“भावाकडे होतं, साहेब,” ताई म्हणाली. “तो त्यांच्या कैदेत आहे.”

दालनात बोललेला प्रत्येक शब्द पलीकडे पोहोचवायचा, हाही नियमच. ताई डोळे पुसत होती. काकांनी मला आपल्याकडे ओढले, कळ फिरवली, आणि खर्जातल्या आवाजात नियमाप्रमाणे सांगितले, “माझं लक्ष माझ्या भावाकडे होतं. तो तुमच्या कैदेत आहे.”

चष्मेवाल्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग ते म्हणाले, “आधी त्या बाईंना कोणीतरी पाणी द्या. मग बोलू.”

मध्यस्थ बाई स्वतः उठल्या आणि पाण्याचा पेला घेऊन वर आल्या. खाली जाऊन त्यांनी फर्मान काढले, की ‘युद्धबंदी’ हा शब्द आता या दालनात कोणी उच्चारायचा नाही. ‘तोफा थांबवणे’ म्हणायचे, नाहीतर ‘माणसे सोडणे’ म्हणायचे. मग पुष्कळ ओढाताण झाली. कोणी रुसले, कोणी उठून गेले, कोणाला हाताला धरून परत बसवावे लागले. पण त्याच आठवड्यात तोफा थांबल्या. रेडिओवर सांगितले ते खरेच होते. गावे पुन्हा वसली.

पण ‘आधी तोफा, बाकी मागाहून’ असे ठरल्यामुळे माणसे सोडण्याचे घोंगडे भिजत पडले. ताईला त्या बोलण्यांवरून काढून टाकले. नियम तो नियम. कोणाला दोष द्यावा? तिला मासेमारीच्या परिषदा दिल्या. कैद्यांची बोलणी आता शेजारच्या दालनात चालत; तिथे तिच्या भावाचे भवितव्य ठरत असे, आणि इकडे ती माझ्यापाशी कोळंबी आणि जाळ्यांच्या भोकांविषयी बोलत असे. सबंध हिवाळा असा गेला. त्या हिवाळ्यात मी तिला हसताना ऐकले नाही. मी देवाला सांगे, बाबा रे, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते.

झाडांना पालवी फुटली तेव्हा कैदी सुटले. एका दुपारी, परिषद संपल्यावर, ताई भावाला घेऊन काचेच्या खोलीत आली. पोरगा वाळून काटकी झाला होता. थंडीत ताप आला, तो उतरला, पण जाताना एका कानाचे ऐकणे घेऊन गेला. ताईने त्याला खुर्चीवर बसवले आणि त्या दिवशीची सगळी हकीकत सांगितली.

“तू थंडीआधी सुटला असतास,” ती म्हणाली. “माझ्यामुळे राहिलास.”

“या बाजूने बोल गं,” तो म्हणाला. “तिकडचा कान सुट्टीवर आहे.”

तिने पुन्हा सांगितले. या वेळी ती रडत होती.

“वेडी आहेस का?” तो म्हणाला. “आम्हाला कुठे ठेवलं होतं माहितेय? डोंगरातच. आपल्याच तोफांचे गोळे रोज आमच्या अंगणात पडायचे. उद्या सोडणार, परवा सोडणार म्हणता म्हणता आमच्यातलं कोण उरलं असतं? ज्या दिवशी तोफा थांबल्या ना, त्या दिवशी आम्ही सगळे पहिल्यांदा शांत झोपलो. आणि एका कानाचं काय घेऊन बसलीस? तुझी बोलणी खायला एक पुरे!”

ताई हुंदके देता देताच हसली. मी तेव्हा बंद होतो, तारही काढलेली होती. पण माझा पडदा त्या हसण्याने जितका थरथरला, तितका आयुष्यात कधी थरथरला नाही.

पुढे बिनतारी माईक आले. काका देवाघरी गेले, ताई निवृत्त झाली, आणि मी जुन्या सामानाबरोबर फिरत फिरत तुमच्या कपाटात येऊन पडलो. तक्रार नाही. पोरांचे आवाज कानावर पडतात, हे का थोडे आहे?

फक्त एवढे करा, मित्रांनो. माझ्यावर फुंकर मारू नका, डोक्यावर टकटक करू नका. हळू बोललात तरी मला कळते. आणि दोघांचे भांडण मिटवायला जाल तेव्हा एकाचे बोलणे दुसऱ्याकडे नेण्याआधी त्याला विचारा, “बाबा, तुला नक्की काय म्हणायचंय?” घाईत पोहोचवलेल्या गोड शब्दापेक्षा उशिरा पोहोचलेला खरा शब्द बरा.

तोफा थांबल्या त्या दिवशी हस्तांदोलनाचे छायाचित्र सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते. त्यात मिशीवाले होते, चष्मेवाले होते, मध्यस्थ बाईही होत्या. ताई नव्हती. म्हणून तुम्हांला सांगतो, रात्री निजताना आईवडिलांसाठी देवाजवळ मागणे मागाल, तेव्हा तिच्यासाठीही मागा. आता ती फार म्हातारी झाली असेल. तिची आठवण असू द्या.