समोरच्या माणसाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे; पण सिंहासन वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. एका चर्चच्या पाळकसाहेबांच्या अभ्यासिकेत, त्यांच्या टेबलाच्या अलीकडे, दाराकडे पाठ करून मी बावीस वर्षे उभी आहे. खिडकीखाली बसथांबा आहे, भिंतीपलीकडे उपासनेची मोठी खोली आहे, आणि मध्ये मी. आज थोडी तक्रार करणार आहे. तक्रार करणे बरे नव्हे, हे याच खोलीत मी अनेकदा ऐकले आहे. तरीही करणार आहे.

माझा जन्म मंडळीतल्याच एका सुताराच्या हातून झाला. साहेब तेव्हा तरुण होते, नवीन होते, आणि भेटायला येणाऱ्यासाठी त्यांच्याकडे खुर्चीच नव्हती. सुताराने एका जुन्या दाराच्या फळ्यांवर रंधा मारून मला घडवले. हात मुद्दामच ठेवले नाहीत. मांडीवर मूल घेऊन बसणाऱ्या बाईला ते अडतात म्हणून. आणि साहेबांच्या खुर्चीपेक्षा त्याने मला एक बोट उंच केले.

"मिस्त्री, माप चुकलं का हो?" साहेबांनी बसून बघत विचारले.

"चुकलं नाही. माणूस इथे मान खाली घालून येतो, साहेब. बसल्यावर तरी त्याला तुमच्याकडे वर बघायला लागू नये."

 दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी एक नेम धरला. कोणी माझ्यावर बसले की ते मनगटावरचे घड्याळ काढायचे, खणात ठेवायचे, खण लावायचे आणि म्हणायचे, "हं, बोला."

मग मीही एक नेम धरला. रोज कोणाला तरी टेकायला जागा द्यायची.

एकदा एक बसचालक तासभर बसला आणि एकच वाक्य बोलून गेला. एक परिचारिका रात्रपाळी संपवून आली ती बसल्या बसल्या झोपली. साहेबांनी तिला उठवले नाही, फोनची तार तेवढी काढून ठेवली. लग्न ठरलेले एक जोडपे आले, तर मी एकटीच.

"तू बस."

"नको, तूच बस. नाहीतर जन्मभर ऐकवशील."

साहेबांनी हसत आपली खुर्ची दिली आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसले.

साहेब धर्मशास्त्राचे मोठे अभ्यासक. दुःखातला माणूस देवाशी कसा बोलतो, यावर त्यांनी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याच्या पहिल्या पानावर छापले होते, 'समोरच्या खुर्चीस'. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. स्तुती लाकडालाही चढते, मित्रांनो.

आणि त्याच पुस्तकाने माझा घात केला.

ते गाजले. साहेबांना व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. मग त्यांनी मोठा ग्रंथ लिहायला घेतला. विषय होता, देव माणसाचे ऐकतो म्हणजे नेमके काय करतो. टेबल पुस्तकांनी भरले, खिडकीचा कट्टा भरला, आणि एका सोमवारी त्यांनी एक जाडजूड भाष्यग्रंथ माझ्यावर ठेवला. म्हणाले, "जरा वेळ."

तो जरा वेळ सात वर्षे चालला. त्या ग्रंथावर शब्दकोश आला, त्यावर विद्यार्थ्यांचे निबंध, त्यावर आणखी ग्रंथ. नेम मोडतो तेव्हा आवाज होत नाही. एक दिवस राहतो, दुसरा राहतो, आणि मग मोडला होता हेही आठवत नाही.

पाळकीणबाई चहा ठेवायला यायच्या आणि त्यांनाच कप ठेवायला जागा सापडायची नाही. "अहो, या खुर्चीवर बसलेले हे सगळे लेखक कधीच वारलेत. जिवंत माणसांनी बसायचं कुठं?"

"पुढच्या आठवड्यात आवरतो."

"कुठल्या वर्षीच्या?"

माणसे यायची. साहेब लगबगीने उठायचे, "थांबा हं, एक मिनिट, जागा करतो," म्हणत ढिगाला हात घालायचे. तोवर समोरचा संकोचायचा. "राहू द्या साहेब, सहज आलो होतो." मी इतकी वर्षे माणसे ऐकत आले, सहज कोणी येत नाही, हे मला कळते. पण उभ्या माणसाच्या तोंडून दोन वाक्यांपलीकडे काही निघत नाही. कोणी बसत नसे, म्हणून घड्याळही मनगटावरून उतरत नसे. आणि माणूस गेला की साहेब पुन्हा लिहायला बसत, ऐकण्याविषयी. मला अगदी चरफडायला होई. मान असती तर फिरवली असती.

मग एका गुरुवारी सुतार आला. आता तो म्हातारा झाला होता. त्याची बायको जाऊन वर्ष झाले होते. तिच्या दफनाची उपासना साहेबांनीच घेतली होती. तो दारातून दोन पावले आत आला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला लाज वाटली. पाहुण्याने यावे आणि घर पसरलेले असावे, तशी.

"या, या मिस्त्री. काय म्हणता?"

"काही नाही. सहज आलो होतो."

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. गुडघे दुखत असावेत, दाराची चौकट धरून उभा राहिला. "साहेब, एक विचारायचं होतं..." इतके म्हणाला, आणि फोन वाजला. साहेब बोलत असताना तो हात जोडून निघून गेला. तिसऱ्या गुरुवारी तो आला नाही. मी दिवसभर पायरीचा आवाज ऐकत होते.

त्यानंतरच्या आठवड्यात ग्रंथ पूर्ण झाला. साहेबांनी टंकलिखित पानांचा सगळा गठ्ठा बांधला, ढिगाच्या माथ्यावर ठेवला आणि त्यावर समाधानाने थोपटले. माझ्या मागच्या डाव्या पायाचा सांधा तिथेच सुटला. ग्रंथ, कोश, निबंध, सगळे जमिनीवर. मुद्दाम केलेस का, असे विचारू नका. प्रार्थनेच्या भिंतीशेजारी राहते, खोटे बोलणार नाही. अंग आवळून धरले असते, तर कदाचित आणखी एक दिवस निघाला असता.

साहेबांनी सुताराला निरोप धाडला. तो सरसाचे भांडे घेऊन आला आणि मला आडवी करून जमिनीवर बसला. सांधा खरवडला, सरस लावला, पाय ठोकून बसवला.

"आता हे सुकेपर्यंत आवळून धरायला लागेल. माझा शिकंजा मी विकला. तुम्हीच शिकंजा व्हा, साहेब."

"किती वेळ?"

"सुकेपर्यंत. आणि ते घड्याळ काढा. सरस लागला तर निघायचा नाही."

साहेबांनी घड्याळ काढले. खाली बसले, दोन्ही हातांनी माझा पाय धरला. आता त्यांना ना पान उलटता येत होते, ना फोन घेता येत होता. फोन वाजला, वाजून थांबला. सुतार फडक्याने हात पुसत राहिला. मग माझ्याकडेच बघत बोलू लागला.

"ती गेल्यापासून प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ माझ्या तोंडून निघत नाही. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' सगळे म्हणतात, मी नुसते ओठ हलवतो. हे लबाडीचं आहे ना? म्हणून वर्षभर प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे आलो नाही. तुमच्या ध्यानात आलं असेल."

साहेबांच्या ध्यानात आले नव्हते. त्यांच्या हाताची पकड सैल झाली, ते मला कळले.

"घट्ट धरा," सुतार म्हणाला.

साहेबांनी घट्ट धरले. या प्रश्नावर त्यांच्या ग्रंथात चाळीस पानांचे प्रकरण होते. ते तिथेच जमिनीवर, त्यांच्या गुडघ्याशी पडले होते. त्यांनी त्यातले एक अक्षर उच्चारले नाही. एवढेच म्हणाले, "मिस्त्री, रविवारी पुढे या. ती ओळ आली की गप्प राहा. तुमच्या वाटची मी म्हणेन. जमेल तेव्हा तुम्ही म्हणा."

"आणि नाहीच जमलं तर?"

"मला रोज म्हणायचीच असते."

सुताराने फडके डोळ्यांना लावले. सरस कधीच सुकला होता. दोघांपैकी कोणी तसे म्हणाले नाही.

त्या रविवारी तो पुढे गेला. भिंतीतून मला उपासना ऐकू येते. त्या ओळीनंतर साहेबांचा आवाज जरा थांबला, आणि मग तीच ओळ त्यांनी पुन्हा एकदा म्हटली.

इथे गोष्ट संपवता आली असती, तर मला किती आवडले असते. पण माणसाची सवय चिवट. काही महिने मी मोकळी होते. सुतार दर गुरुवारी येऊन बसायचा. मग ग्रंथ छापून आला. साहेबांनी पहिली प्रत कौतुकाने हातात फिरवली आणि ठेवली, कुठे सांगू? माझ्यावर. "जरा वेळ." संध्याकाळपर्यंत तिच्यावर तीन पाकिटे जमली. माझा धीर सुटला.

तो गुरुवारच होता. सुतार आला आणि उभा राहिला.

"बसा ना, मिस्त्री."

"भरली आहे," तो शांतपणे म्हणाला. पण या वेळी तो सहज आलो म्हणून परतला नाही. चौकट धरून उभाच राहिला.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पाकिटे उचलली, सात वर्षांचा तो ग्रंथ उचलला आणि टेबलाखाली जमिनीवर ठेवला. मग घड्याळ काढले, खण लावला.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी खुर्ची असेल. तिच्यावर धुतलेले कपडे असतील, दप्तर असेल, कालचे वर्तमानपत्र असेल. ते सगळे तिथे जरा वेळच ठेवलेले असते, मला माहीत आहे. तेवढे उचला. आत्ताच उचला, दार वाजल्यावर नको. मी लाकूड आहे, वजनाची मला तक्रार नाही. फक्त ते माणसाचे असावे.