पंचमीची गिलकी

अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात हिलालआप्पांनी स्वतःच्या हातानं साधी तुळस लावली नव्हती. त्यामुळे आषाढात ते भेस्तानच्या बियाण्याच्या दुकानातून खुरपं, झारी आणि गिलक्याचं बी घेऊन आले, तेव्हा गुजराती मुलखातल्या डिंडोलीच्या त्यांच्या गल्लीची चांगलीच करमणूक झाली. शेजारचा धुडकू म्हणाला, "आप्पा, साठीच्या आधीच नाठी?" एरवी आप्पांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी ते मुकाट्यानं जिना चढून गेले. नाकावर राग घेऊनच जन्मलेला माणूस तो, आणि त्याच रागानं त्यांचं घर बुडवलं होतं.

गच्चीवरची बाग खरी त्यांच्या मुलाची, गोपालची. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये तो कामाला होता. सुट्टीच्या दिवशी पाण्याचे जुने ड्रम अर्धे कापून त्यात माती भरायची आणि भाज्या लावायच्या, एवढाच त्याला नाद. गेल्या वर्षी चैत्रात त्या ड्रमांचं पाणी छतात मुरलं आणि नेमकं आप्पांच्या खाटेवर टपकलं. बारा तास कापडाच्या लूमवर उभा राहून आलेला माणूस. वर गेले, फुलांनी लगडलेला गिलक्याचा वेल मुळासकट उपटला आणि गल्लीत फेकून दिला. गोपालच्या डोळ्यांदेखत. खाली आईनं, सरलाबाईनं, ताट वाढून ठेवलं होतं. गोपाल ताटाला शिवला नाही, डबाही घेतला नाही, गाडीला किक मारून निघून गेला. पलसाण्याच्या अलीकडे हायवेवर ट्रकनं त्याला उडवलं.

चोवीस वर्षांचा मुलगा गेला, आणि तो उपाशी गेला. यातली दुसरी गोष्ट आप्पांच्या घशात पहिलीपेक्षा जास्त अडकली होती. सरलाबाईनं नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना रोज वाटे.

आता वर्षश्राद्ध उरकलं होतं आणि या भाद्रपदात गोपाल पहिल्यांदाच पितरांच्या पंगतीत बसणार होता. लग्नाआधी गेलेल्यांचं पान पंचमीला वाढतात. ज्या मुलानं आपल्या नावानं कावळ्याला घास ठेवायचा, त्याच्या नावानं आपण ठेवायचा. आप्पांनी मनाशी ठरवलं की गोपालला गिलक्याची भजी आवडायची, तर भजी करायची ती त्याच्याच ड्रममधल्या गिलक्यांची आणि आपल्या हातानं वाढवलेल्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि हे कळण्याइतके आप्पा शहाणे होते. पण कावळा त्या घासाला शिवला तर पोराचा राग गेला असं समजायचं, एवढीच त्यांची आशा होती.

दुकानदार मगनभाईनं बियांची दोन पाकिटं पुढं ठेवली होती. "हायब्रिड लो काका, जल्दी फल देगा. देसी को टाइम लगता है." गोपालनं कोणतं लावलं होतं, हे बापाला ठाऊक नव्हतं. दीड महिना फुललेला वेल त्यांनी फक्त उपटतानाच पाहिला होता. त्यांनी दोन्ही पाकिटं घेतली. हायब्रिडचे वेल श्रावणातच आकसून गेले, देशी तेवढा तग धरून राहिला.

मग त्यावर मावा पडला. पानांच्या पाठीमागे काळी बारीक कीड चिकटून बसली. आप्पा एक पान कागदात गुंडाळून पुन्हा मगनभाईकडे गेले. त्यानं दोन बाटल्या काढल्या. एकीवर जहाल विषाचा लाल तिकोन होता, दुसरीत कडुलिंबाचं तेल.

"खाना कब है?"

"पंचमीला. कावळ्याला घालायचंय. मुलाच्या नावानं."

मगनभाईच्या घरीही श्राद्धात कावळ्याला दूधपाक ठेवत. त्यानं लाल तिकोनाची बाटली उचलून परत फळीवर ठेवली. "इसको भूल जाओ काका. यह बेल के अंदर उतर जाता है, धोने से भी नहीं जाता. कौआ खाएगा तो वहीं गिरेगा. नीम का तेल मारो, और पत्ता हाथ से पोंछो."

आप्पांनी पुसलं. रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी ओल्या फडक्यानं एकेक पान, दोन्ही बाजूंनी. ज्या हातांनी गोपालला लहानपणी कधी आंघोळ घातली नव्हती, ते हात पानं पुसत होते. फळमाशीनं डंख मारू नये म्हणून लूमवरच्या चिंध्यांच्या पिशव्या शिवून त्यांनी कोवळ्या गिलक्यांना घातल्या. एवढं करून हाती लागली ती दोनच गिलकी. मावा काही हटेना. पण पंचमीच्या दोन दिवस आधी पानं एकाएकी स्वच्छ दिसली, तेव्हा त्यांना वाटलं, कष्टाला फळ आलं.

पंचमीला सरलाबाईनं खीर केली, पुरणपोळ्या केल्या, दोन्ही गिलक्यांची भजी तळली. यंदा या वेलाचं आपण तोंडात घालायचं नाही, सगळं त्याचंच, असं दोघांनी ठरवलं होतं. निखाऱ्यावर पितरांच्या घासाची आगारी टाकून झाली आणि आप्पा ताटात पान घेऊन गच्चीवर गेले. सरलाबाईचे गुडघे धरलेले, ती खालीच थांबली. पान कठड्यावर ठेवून त्यांनी हात जोडले. "गोपाल, ये. जेव, बाबा."

हात धुवायला ते ड्रमांकडे वळले, झारी उचलली, आणि ड्रममागच्या फटीत खोचलेली बाटली दिसली. लाल तिकोन. गुजराती अक्षरं त्यांना येत नसत, पण ही बाटली मराठीच होती आणि ओळखीचीही. सरलाबाईचा भाऊ हेमराज गावी कपाशीवर हेच मारायचा. मागच्या आठवड्यात तो येऊन गेला होता. बाटलीशेजारी काच पुसायचा फवारा होता, तळाला दुधट पाणी राहिलेला.

मागे पंख वाजले. कावळा आला होता. शेजारच्या गच्च्यांवर लोक तासभर हाका मारून थकले होते, आणि हा हाकेसरशी आला, पानाच्या कडेला बसला, मान तिरकी करून आप्पांकडे पाहिलं आणि भज्याकडे चोच वाकवली.

"हाड!" आप्पा धावले. पायातली चप्पल काढून भिरकावली. कावळा उडाला, टाकीवर बसला, पुन्हा झेपावला. आप्पांनी पुन्हा हाकलला. दोन्ही हात हलवत, ओरडत, रडत ते आपल्या मुलाला दुसऱ्यांदा उपाशी घालवून देत होते. धुडकू पलीकडून बघत राहिला.

कावळा लांब गेल्यावर त्यांनी सगळं पान पिशवीत भरलं, ड्रममध्ये खोल खड्डा केला आणि पिशवी पुरली. बाटली खिशात घातली. हात दोनदा धुऊन खिशातल्या पुड्यातली दोन बिस्किटं कठड्यावर ठेवली आणि पुन्हा हात जोडले. कावळा समोरच्या टाकीवरून बघत होता. मग तो उडाला आणि दुसऱ्यांच्या गच्चीवर जाऊन बसला. बऱ्याच वेळानं आप्पा रिकामं ताट घेऊन खाली आले.

"उना का?" कावळा आला का, ते सरलाबाईनं विचारलं.

"उना."

"खादं?"

"सम्दं खादं."

तिनं ताट हातात घेतलं, छातीशी धरलं आणि दीड वर्षात पहिल्यांदाच मोकळी होऊन रडली. "भुक्या व्हता मना पोऱ्या," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसत, चूक कबूल करणाऱ्या लहान मुलीसारखी हळूच म्हणाली, "एक सांगू? हेमराजनी औषध आणेल व्हतं. तुम्ही ड्युटीवर गयात ना, मी कशीबशी वर चढनू, येलवर मारं. तुमले सांगं नही, तुम्ही रागे भरतस म्हनीसन. नहीते ती दोन गिलकी बी हाती लागती नही."

आप्पांचा हात खिशातल्या बाटलीवर होता. त्यांनी ती आणखी खोल ढकलली.

"बरं करं तू," ते म्हणाले.